सर वॉल्टर स्कॉट : पोशाखाचा इतिहास आणि माणसांचा इतिहास

ऐतिहासिक कादंबरीचा विषय निघाला म्हणजे सर वॉल्टर स्कॉट याचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा विचार करतानाही टीकाकारांनी हे नाव अनेकदा घेतले आहे. परंतु नाव घेणे निराळे आणि ग्रंथ वाचणे निराळे. एडिंबरो शहरात १८४६ साली खुले झालेले स्कॉटचे दोनशे फूट उंचीचे स्मारक पाहावयास आजही प्रवाशांची रीघ लागलेली असते. शेजारच्या आगगाडीच्या स्टेशनालाही त्याच्याच कादंबरीवरून 'वेव्हर्ली' हे नाव पडले आहे. पण त्या स्टेशनावर उतरणाऱ्या मंडळींत ती कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचलेला मनुष्य शोधूनच काढावा लागेल. कीर्ती राहिली आणि वाचन गेले, अशी या ग्रंथकाराची स्थिती झाली आहे. अशा वेळी त्याच्या गुणदोषांचा नव्याने हिशेब मांडणे अस्थानी होणार नाही, असे आम्हांस वाटते.

स्कॉटविषयी दोन परस्परविरुद्ध निर्णय प्रसिद्ध आहेत. त्याचाच देशबंधू टॉमस कार्लाइल याने १८३८ साली लिहिलेल्या दीर्घ निबंधात असा ठपका ठेवला की, स्कॉट आपली पात्रे कातडीकडून आत घडवीत जातो आणि अंतःकरणाच्या जवळही पोचत नाही. उलट हंगेरियन टीकाकार गेओर्ग लुकाच याने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात ऐतिहासिक कादंबरीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात स्कॉटला या वाङ्मयप्रकाराचा खरा जनक मानून असे प्रतिपादन केले की, माणसाचा स्वभाव त्याच्या काळाच्या मुशीतून कसा घडतो हे कादंबरीत प्रथम स्कॉटनेच दाखविले. कार्लाइलला पोशाख दिसला, लुकाचला इतिहास दिसला. आमच्या मते हे दोन्ही स्कॉट खरे आहेत. मात्र ते सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नाहीत, आणि जगाने डोक्यावर घेतला तो पहिला. दुसरा कोठे सापडतो आणि तो मागे का पडला, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. ज्या समाजात बहुतेक सुशिक्षित कुटुंबांना आपला पूर्वेतिहास कागदपत्रांतून नव्हे, तर कादंबरी, नाटक व चित्रपट यांतून कळतो, त्या समाजाने कादंबरीकाराला विचारलेच पाहिजे की, बाबा रे, तू आम्हांला आमचा भूतकाळ दिलास, की त्याच्या जागी दुसरेच काही ठेवून दिलेस?

स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिंबरोत एका वकिलाच्या घरी झाला. दीड वर्षाचा असताना दुखण्याने त्याचा उजवा पाय लुळा पडला, आणि प्रकृती सुधारावी म्हणून त्याला सरहद्दीवरील आजोबांच्या शेतावर पाठविण्यात आले. तेथे वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्याने जुन्या लढायांच्या, दरोड्यांच्या व वैरांच्या कहाण्या ऐकल्या. पुढे तो वकील झाला, १७९९ साली सेल्कर्क परगण्याचा शेरीफ झाला, आणि कायद्याचे काम करता करताच खेडोपाडी हिंडून त्याने लोकगीते गोळा केली. त्यांचा संग्रह १८०२-०३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या संग्रहासंबंधाने एक आख्यायिका मेंढपाळ कवी जेम्स हॉग याने नमूद करून ठेवली आहे. हॉगची आई मार्गारेट लेडलॉ ही जुन्या गीतांचे भांडारच होती. तिने स्कॉटला तोंडावर सुनावले की, ही गीते गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. तुम्ही ती छापली आणि त्यांचे मातेरे केले. शिवाय ती धड उतरलीही नाहीत. म्हातारीच्या या बोलण्यात स्कॉटवरील पुढच्या सर्व टीकेचे बीज आहे. जी वस्तू माणसांच्या तोंडी जिवंत होती, ती त्याने दिवाणखान्यात ठेवण्याजोगी केली. अर्थात तिची बाजू पुरी खरी म्हणता येत नाही. त्याने छापली नसती, तर त्यांतील पुष्कळ गीते म्हातारीबरोबरच मातीत गेली असती. जतन करणारा हात आणि बिघडविणारा हात एकच असावा, ही स्कॉटच्या सबंध साहित्यिक आयुष्यातील गाठ आहे.

त्याच्या पहिल्या कादंबरीकडे वळण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या पार्लमेंटांचे १७०७ साली एकीकरण झाले. पदच्युत स्ट्यूअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी जे उठाव झाले, त्यांतला अखेरचा १७४५ सालचा. राजपुत्र चार्ल्स एडवर्ड याच्या निशाणाखाली उत्तरेकडील डोंगरी मुलखातील, म्हणजे हायलँडमधील, अनेक कुळे जमली. ते सैन्य इंग्लंडात डार्बीपर्यंत जाऊन परतले, आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर त्याचा चुराडा झाला. त्यानंतर सरकारने नुसते बंडखोर फासावर चढविले असे नव्हे, तर कुळांच्या नायकांचे वंशपरंपरागत न्यायदानाचे अधिकार काढून घेतले, शस्त्रे हिरावली, आणि हायलँडचा पोशाखही कायद्याने बंद केला. पहिल्यांदा सापडणाऱ्यास सहा महिने तुरुंग आणि दुसऱ्यांदा सापडणाऱ्यास सात वर्षे समुद्रपार, अशी त्या कायद्यात शिक्षा होती. हा निर्बंध १७८२ साली उठला.

या उठावावरील 'वेव्हर्ली' ही कादंबरी ७ जुलै १८१४ रोजी कर्त्याच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. एडवर्ड वेव्हर्ली हा स्वप्नाळू इंग्रज तरुण सैन्यात अधिकारी होऊन स्कॉटलंडात येतो, ब्रॅडवर्डाइन या विक्षिप्त पण दिलदार जहागीरदाराच्या घरी उतरतो, तेथून हायलँडमध्ये जातो, आणि फर्गस मॅकआयव्हर हा कुळनायक व त्याची बहीण फ्लोरा यांच्या मोहिनीने राजपुत्राच्या पक्षास मिळतो. पक्ष हरतो. वेव्हर्लीस माफी मिळून जहागीरदाराच्या कन्येशी त्याचे लग्न होते. फर्गसला कार्लाइल येथे देहान्त शिक्षा होते. (कार्लाइल हे सरहद्दीलगतचे इंग्लंडातील गाव, वर उल्लेखिलेल्या टीकाकाराशी त्याचा संबंध नाही.)

ज्यांनी आजच्या वेगवान कादंबऱ्या वाचल्या आहेत, त्यांना हिची पहिली प्रकरणे कंटाळवाणी वाटतील हे आम्ही नाकारीत नाही. पण हिच्यातील नावीन्य ओळखावयाचे असेल, तर नायकाकडे न पाहता त्याच्या भोवतालच्या माणसांकडे पाहावे. सखल मुलखातले जहागीरदार आपल्या गुरांच्या रक्षणासाठी हायलँडच्या सरदारांना खंडणी देतात. फर्गस आपल्या जमिनीवर पेलवतील त्याहून अधिक माणसे वसवितो, कारण त्याची प्रतिष्ठा खंडाच्या रकमेवर नव्हे, तर तलवारींच्या संख्येवर अवलंबून आहे. आणि ही निष्ठावंत माणसे तो स्वतःच्या महत्त्वाकांक्षेसाठी राजकारणाच्या पटावर सोंगट्यांसारखी वापरतो. शौर्य, औदार्य, लूट आणि स्वार्थ ही सर्व एकाच व्यवस्थेची फळे आहेत, हे स्कॉटने एखाद्या अर्थशास्त्रज्ञाच्या बारकाईने दाखविले. त्याच्या पूर्वीच्या कादंबऱ्यांत जुना काळ म्हणजे पडके किल्ले आणि भुते. येथे जुना काळ म्हणजे जगण्याची एक निराळी रीत आहे. लुकाचने केलेली स्तुती सार्थ आहे, ती या कारणाने.

कादंबरीतील सर्वोत्कृष्ट प्रसंग कार्लाइलच्या न्यायालयात घडतो. फर्गसबरोबर त्याचा सेवक एव्हन डू मॅकॉम्बिच हाही आरोपी आहे. तो उठून न्यायाधीशास सुचवितो की, आमच्या नायकाला सोडा; त्याच्या मोबदल्यात कुळातील सहा उत्तम माणसांची डोकी घ्या, आणि ती सहा माणसे मी स्वतः जाऊन घेऊन येतो. न्यायालयात हशा पिकतो. एव्हन शांतपणे सांगतो की, माझ्यासारख्या गरिबाचा जीव नायकाच्या जिवाइतक्या मोलाचा नाही म्हणून तुम्ही हसत असाल, तर हसा. पण मी शब्द मोडीन म्हणून हसत असाल, तर तुम्हांला हायलँडच्या माणसाचे मन ठाऊक नाही. हशा तत्काळ थांबतो. दोन जगे येथे समोरासमोर उभी आहेत. एकात जीव नायकासाठी आहे आणि शब्द जिवापेक्षा मोठा आहे. दुसऱ्यात प्रत्येकाचा जीव व प्रत्येकाचा अपराध ज्याचा त्याचा आहे. न्यायाधीश दुष्ट नाही. एव्हनने दया मागितल्यास ती देण्यास तो तयार आहे. एव्हन ती नाकारतो आणि नायकाबरोबर मरतो.

हा प्रसंग लिहिणाऱ्या लेखणीस अंतःकरण नव्हते, असे कोण म्हणेल? पण पुढे काय होते ते पाहावे. कादंबरीच्या अखेरीस जहागीरदाराच्या नव्याने सजविलेल्या भोजनगृहात एक भव्य तैलचित्र टांगलेले आहे. डोंगरातील खिंड, मागे उतरणारी कुळातील माणसे, आणि पुढे हायलँडच्या पोशाखात फर्गस व वेव्हर्ली. त्याचा आराखडा एडिंबरोतील एका गुणी तरुणाने केला आहे आणि तो लंडनच्या एका नामांकित चित्रकाराने मोठ्या आकारात रंगविला आहे. चित्राशेजारी वेव्हर्लीने लढाईत वापरलेली शस्त्रे. पाहुणे चित्राकडे कौतुकाने पाहतात, आणि जेवण सुरू होते.

फर्गसचे शीर उतरून अद्याप फार दिवस झालेले नाहीत. आणि एवढ्यात त्याचे बंड भिंतीवरची शोभा झाले! एव्हन डू तर चित्रात नावानिशी नाहीच. ज्यांनी जीव दिला ती माणसे पार्श्वभूमीत गेली, आणि ज्याला माफी मिळाली तो नायकाच्या बरोबरीने पुढे उभा राहिला. स्कॉटने हे चित्र उपरोधाने टांगले की मनापासून, यावर टीकाकारांत मतभेद संभवतो. आमचे मत असे की, त्याच्या मनाचा एक भाग हे सर्व समजून होता. परंतु कादंबरीचा साचाच असा होता की, तिला शेवटी मेजवानी हवी होती. जुने व नवे, डोंगर व मैदान, बंडखोर व राजनिष्ठ यांचा समेट विवाहात करावयाचा, हे एकदा ठरले म्हणजे ज्यांचा समेट झाला नाही, त्यांना चित्रात घालण्यापलीकडे मार्ग उरत नाही.

हे भिंतीवरचे चित्र आठ वर्षांनी रस्त्यावर आले. ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. सुमारे पावणेदोनशे वर्षांत राज्यावर असलेला राजा स्कॉटलंडात आला नव्हता. त्यामुळे स्वागताचे दंडक कोणालाच ठाऊक नव्हते, आणि सर्व समारंभाची योजना स्कॉटकडे आली. त्याने हायलँडच्या नायकांना अनुयायांसह बोलाविले, नगरवासीयांनी कोणता वेष करावा याच्या सूचनांची पुस्तिका काढली, आणि चौकड्यांच्या टार्टन कापडाने एडिंबरो भरून गेले. ज्या सखल मुलखातल्या लोकांचे पूर्वज हायलँडरांना गुरेचोर म्हणत आले, तेच आता गुडघे उघडे टाकून मिरवू लागले. स्वतः राजेसाहेब किल्ट नेसून, खाली कातडीच्या रंगाचे घट्ट पायमोजे घालून दरबारात आले. लंडनचा एक स्थूल माजी नगरपती सर विल्यम कर्टिस हाही त्याच वेषात अवतरला, आणि व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. स्कॉटचा जावई व चरित्रकार लॉकहार्ट यालाही हा प्रकार रुचला नाही. सबंध राष्ट्राची ओळख त्याच्या एका लहान भागाच्या वेषावरून व्हावी, हा त्याने भ्रमच मानला.

बॅनॉकबर्न येथील विल्सन यांच्या विणकामाच्या कारखान्यास मागणी पुरविता पुरविता नाकी नऊ आले. अमक्या कुळाचे अमके टार्टन हा आज सर्वत्र पक्का झालेला नियम पुष्कळसा याच काळातला आहे. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर याने १९८३ साली या परंपरेच्या अर्वाचीनपणावर एक निबंध लिहिला आणि जुन्या अभिमानास मोठाच धक्का दिला. त्याच्या काही विधानांना नंतरच्या अभ्यासकांनी मुरड घातली आहे. पण १८२२ च्या सोहळ्याने एका प्रदेशाचा वेष सर्व राष्ट्राचा गणवेष केला, एवढे निर्विवाद आहे.

वेषात काय वाईट आहे, असे कोणी विचारील. वेषात वाईट काहीच नाही. तो अंगावर चढत असता त्याच्या मूळच्या मालकांचे काय चालले होते, हे पाहणे मात्र प्राप्त आहे.

आपल्या मराठीत 'कुळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कुळ म्हणजे घराणे, वंश. आणि दुसरे कूळ म्हणजे जमीनदाराची जमीन खंडाने कसणारा शेतकरी. हायलँडचा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इतिहास म्हणजे पहिल्या अर्थातून दुसऱ्या अर्थाकडे झालेला प्रवास होय. कलोडनपूर्वी नायकास माणसे हवी होती, कारण माणसे म्हणजे तलवारी. कलोडननंतर तलवारींचे काम उरले नाही. नायक जमीनदार झाला, एडिंबरो व लंडन येथे राहू लागला, त्याला पैसा हवा झाला. आणि पैसा माणसांपेक्षा मेंढ्या अधिक देत होत्या. ज्या माणसाने कुळाचा म्हणून नायकासाठी जीव द्यावा, त्यालाच कूळ म्हणून नायकाने जमिनीवरून उठवावे, अशी वेळ आली.

'वेव्हर्ली' प्रसिद्ध झाली त्याच १८१४ साली अगदी उत्तरेकडील सदरलँड परगण्यात स्ट्रॅथनेव्हर नावाच्या खोऱ्यातून काउंटेस ऑफ सदरलँड हिच्या कुळांना उठविण्यात आले. हे काम करणारा पॅट्रिक सेलर हा इस्टेटीचा कारभारीही होता आणि रिकाम्या होणाऱ्या जमिनीचा मेंढ्यांसाठी खंडकरीही होता. लोकांनी परत येऊन राहू नये म्हणून घरांच्या छपरांची लाकडे जाळण्यात आली. एका जळत्या घरातून बाहेर काढलेली अतिवृद्ध स्त्री थोड्याच दिवसांत मरण पावली. सेलरवर १८१६ साली इन्व्हर्नेस येथे खटला झाला. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. १८१९ मध्ये त्याच खोऱ्यातून आणखी कितीतरी कुटुंबे बाहेर पडली. कोणी समुद्रकाठच्या नापीक तुकड्यांवर बसविले गेले, कोणी जहाजाने कॅनडाकडे निघून गेले. डोनल्ड मॅक्लाउड या तेथील पाथरवटाने पुढे १८४०-४१ मध्ये एडिंबरोच्या एका वृत्तपत्रात पत्रे लिहून या प्रसंगाची कहाणी सांगितली. इकडे काउंटेसच्या नवऱ्याचा, पहिल्या ड्यूकचा, प्रचंड पुतळा गोल्स्पी गावावरील डोंगराच्या माथ्यावर आजही उभा आहे.

राजाच्या स्वागतास जे नायक आपले अनुयायी मिरवीत आले, त्यांत ग्लेनगॅरीचा अलास्टर मॅकडोनेल हा होता. फर्गस मॅकआयव्हरचे पात्र त्याच्यावरूनच बेतले, असे पुष्कळांचे मत आहे. जुन्या रीतिरिवाजांचा याच्याइतका कडवा अभिमानी दुसरा नव्हता; आणि याच्याच जमिनीवरून कुळे उठत होती. पोशाख राहिला, तो अंगावर घालणारे गेले.

स्कॉटला हे ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. १८१६ साली 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या त्रैमासिकात कलोडनसंबंधी कागदपत्रांच्या एका ग्रंथाचे परीक्षण करताना त्याने शेवटी स्पष्ट लिहिले की, हायलँडच्या दऱ्या जादा लोकसंख्येपासून नव्हे, तर साऱ्याच रहिवाशांपासून रिकाम्या केल्या जात आहेत. हे निर्दय लोभाचे काम असून अदूरदर्शीपणाचेही आहे. एक दिवस देशाला माणसांची हाक घालावी लागेल आणि ओस मुलखातून उत्तर येणार नाही. एखाद्या पक्क्या सुधारकाने लिहावे अशा धारेने हा परंपराभिमानी टोरी लिहीत आहे! मग निबंधकार स्कॉटने जे पाहिले, ते कादंबरीकार स्कॉटने का दाखविले नाही?

त्याचे मित्र जमीनदार होते, तो स्वतः ॲबट्सफर्ड येथे जमिनी घेऊन वाडा बांधीत होता, म्हणून त्याने तोंड बंद ठेवले, असे उत्तर कोणी देतील. आम्हांस ते अपुरे वाटते. ज्याने छापील निबंधात लोभाला लोभ म्हटले, त्याला नुसता भित्रा म्हणता येणार नाही. खरे कारण वाङ्मयीन आहे. स्कॉटच्या कादंबरीचा पाया असा की, भूतकाळ संपलेला आहे. तो सुंदर होता, क्रूर होता, आणि साठ वर्षांपूर्वी त्याचा निकाल लागला. 'वेव्हर्ली'च्या उपशीर्षकातच ही साठ वर्षे आहेत. स्ट्रॅथनेव्हरची राख अजून गरम होती. संपलेल्या गोष्टीला चौकट घालता येते. चाललेल्या गोष्टीला घालता येत नाही. तीन खंडांची, विवाहाने संपणारी कादंबरी या दुःखाला घर देऊ शकत नव्हती.

पण स्कॉटने त्याला घर दिले, आणि ते अगदी लहान. जानेवारी १८२६ मध्ये त्याच्या प्रकाशकाचे दिवाळे निघून एक लाख पौंडांहून अधिक कर्ज त्याच्या अंगावर आले. त्याच वर्षी त्याची पत्नी वारली. दिवाळखोरीचा सोपा मार्ग सोडून त्याने लेखणीने कर्ज फेडण्याचे ठरविले, आणि १८२७ साली 'क्रॉनिकल्स ऑफ द कॅननगेट' ही कथामाला काढली. तीत हैदर अलीच्या म्हैसुरात घडणारी एक कथाही आहे. तिची योग्यता बेताचीच. मात्र तीतील 'द टू ड्रोव्हर्स', म्हणजे 'दोन हेडी', ही कथा आमच्या मते स्कॉटच्या लेखणीतून उतरलेली सर्वांत निर्दोष कृती होय.

रॉबिन ओइग मॅकॉम्बिच हा हायलँडचा हेडी. गुरांचे तांडे हाकीत इंग्लंडच्या बाजारास नेणारा. बाजारातून निघताना त्याच्या नात्यातील एक वृद्ध स्त्री त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागते आणि मध्येच थबकते. त्याच्या खंजिरावर तिला इंग्रजाचे रक्त दिसते. तिच्या समाधानासाठी तो खंजीर मागून येणाऱ्या दुसऱ्या हेड्याजवळ ठेवावयास देतो. वाटेत त्याचा जिवलग सोबती, यॉर्कशरचा हॅरी वेकफील्ड, बरोबर असतो. सरहद्दीपलीकडे एका कुरणावरून गैरसमज होतो: एकाने ते मालकाकडून ठरविले, दुसऱ्याने कारभाऱ्याकडून, दोघेही प्रामाणिक. खाणावळीत हॅरी म्हणतो, ये, दोन ठोसे मारू आणि मित्र होऊ. रॉबिनच्या दृष्टीने ठोसाठोशी म्हणजे कुत्र्यांचे भांडण. सभ्य माणसाने लढावयाचे ते शस्त्राने. तो नाकारतो, हॅरी त्याला ठोशाने आडवा करतो, आणि मग निर्मळ मनाने हात पुढे करतो. रॉबिन निघून जातो, काही मैल चालून आपला खंजीर परत घेतो, काही मैल चालून माघारी येतो, आणि मित्राच्या छातीत तो खुपसतो. मग स्वतः होऊन स्वाधीन होतो.

खटला चालतो तो पुन्हा कार्लाइल येथेच; आणि आरोपीचे आडनाव पुन्हा मॅकॉम्बिच. हे नुसते योगायोगाने झाले असे आम्हांस वाटत नाही. एव्हन डू ज्या पिंजऱ्यात उभा होता, त्यातच तेरा वर्षांनी स्कॉटने रॉबिनला उभे केले. पण आता नायक नाही, राजपुत्र नाही, बंडही नाही. उरला आहे एक गुरे हाकणारा गरीब मनुष्य आणि त्याची अब्रूची जुनी कल्पना. न्यायाधीशाचे दीर्घ भाषण स्वतः शेरीफ असलेल्या स्कॉटलाच साधले असते. तो आरोपीला नीच म्हणत नाही. ज्यांच्यात तो वाढला, त्यांच्या कायद्याने तो वागला, हे तो ज्यूरीस समजावून देतो. ठोसा बसताच रागाच्या भरात वार झाला असता, तर गोष्ट निराळी होती; पण मध्ये दोन तास गेले, आणि त्या दोन तासांना इंग्लंडच्या कायद्यात क्षमा नाही. रॉबिन शिक्षा मान्य करतो. एक जीव घेतला, एक देतो, याहून अधिक काय देऊ, असा त्याचा भाव आहे.

येथे विवाह नाही, मेजवानी नाही, भिंतीवर चित्र नाही. टार्टनचे वर्णन जेवढ्यास तेवढे. दोन चांगली माणसे, दोन प्रकारची अब्रू, आणि दोघांचाही मृत्यू. कार्लाइलचा आक्षेप या कथेस लावून पाहावा. तो लागत नाही. येथे स्कॉट कातडीकडून आत गेलेला नसून, एका संबंध लोकसमूहाच्या मनातून बाहेर आला आहे. मोठ्या कादंबरीत जो इतिहास पडद्यासारखा मागे होता, तो येथे एका माणसाच्या दोन तासांच्या पायपिटीत उतरला आहे. त्या वाटेवर रॉबिनच्या मनात काय चालले, याविषयी लेखक फार बोलत नाही. वाचकास ते आपोआप कळते. कादंबरीकाराला इतिहास कळला आहे की नाही याची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

हा विचार मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. मराठ्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ हाही स्कॉटच. स्कॉटलंडातील बँफ येथे १७८९ साली त्याचा जन्म झाला, आणि त्याचा ग्रंथ स्कॉटच्या हयातीतच, १८२६ साली निघाला. तो मराठीत आला, शाळांतून शिकविला गेला, आणि परक्याने लिहिलेले आपले चित्र आपण बरीच वर्षे मान खाली घालून पाहिले. १८६८ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने 'विविधज्ञानविस्तारा'त त्यावर टीका लिहून मूळ कागद व बखरी पाहण्याचा आग्रह धरला. त्याच मासिकाचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ साली पुस्तकरूपाने आली. चिकित्सा आणि कल्पना या दोघी बहिणी एकाच घरात, पाठोपाठ जन्मल्या, ही आपल्या वाङ्मयाची भाग्याची गोष्ट होय. पुढे थोरली मागे पडली आणि धाकटीनेच घर व्यापले, ही तितकीच खेदाची. जिरेटोप, मंदिल, ढालतलवार आणि टाळ्यांची वाक्ये एवढ्यावर निभावणाऱ्या कादंबऱ्यांची, नाटकांची व चित्रपटांची आपल्याकडे वाण नाही. गडाच्या पायथ्याशी नांगर धरणाऱ्या कुणब्याचे त्या लढाईत काय झाले, हे विचारणाऱ्या कृती मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच सापडतील.

म्हणून स्कॉटला टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. ज्याने एव्हन डूच्या तोंडून न्यायालयाचा हशा थांबविला, त्याला टाकून देणे हा आपलाच तोटा आहे. परंतु त्याच्या वाचनाचा क्रम बदलावा, अशी आमची शिफारस आहे. बहुधा लोक मोठ्या कादंबरीपासून प्रारंभ करतात आणि पहिल्या शंभर पानांत थकून स्कॉटचा निरोप घेतात. त्यांनी 'दोन हेडी' प्रथम वाचावी. एका संध्याकाळी ती संपते. नंतर 'वेव्हर्ली' घ्यावी, आणि कार्लाइलच्या न्यायालयापर्यंत धीर धरावा. शेवटी ते भोजनगृहातील चित्र आले म्हणजे पाहुण्यांबरोबर लगेच जेवावयास न बसता क्षणभर त्यासमोर उभे राहावे, आणि मागच्या डोंगरातून उतरणाऱ्या माणसांचे चेहरे चित्रकाराने काढले आहेत की नाहीत, ते पाहावे. ज्या वाचकाला ही सवय लागली, त्याला कोणत्याही देशाची ऐतिहासिक कादंबरी, आपलीसुद्धा, निर्धास्तपणे हाती द्यावी.